मुक्तस्रोत संचालन प्रणालींमधील हार्डवेअर सुसंगतता व सुरक्षा

मुक्तस्रोत संचालन प्रणालींमधील हार्डवेअर सुसंगतता म्हणजे सर्वांना वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास खुल्या असलेल्या संचालन प्रणालींचे (उदा. लिनक्सवर आधारित डेबियन, उबुंटू व फेडोरा, तसेच ओपनबीएसडी) संगणकाच्या भागांशी योग्य रीतीने जुळणे होय. ही जुळणी बिघडली की वाय-फाय बंद पडणे, छपाई न होणे किंवा संगणक सुरूच न होणे असे दोष उद्भवतात. ते दूर करताना अनेकदा वेग, सोय, स्वातंत्र्य आणि सुरक्षा यांपैकी एखाद्या गोष्टीला मुरड घालावी लागते.

दोषांची कारणे

संचालन प्रणाली आणि यंत्रभाग यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. अनेक उत्पादक आपल्या यंत्रभागांचा तांत्रिक तपशील प्रसिद्ध करत नाहीत. अशा वेळी स्वयंसेवकांना त्या भागाच्या वर्तनाचे निरीक्षण करून ड्रायव्हर लिहावा लागतो. याशिवाय यंत्रभागातच साठवलेली किंवा त्यात भरावी लागणारी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, बहुधा बंदिस्त असते. त्यामुळे संचालन प्रणाली खुली असली तरी तिच्याखालचा थर खुला असतोच असे नाही.

उल्लेखनीय घटना

२०१३ च्या आरंभी सॅमसंगच्या काही लॅपटॉपांवर यूईएफआय पद्धतीने लिनक्स सुरू केल्यानंतर ते कायमचे बंद पडल्याचे आढळले. सुरुवातीला लिनक्सच्या ड्रायव्हरवर ठपका ठेवण्यात आला. पुढे विंडोजमधूनही तसाच बिघाड घडवता येतो हे दिसून आल्यावर मूळ दोष फर्मवेअरमध्ये असल्याचे स्पष्ट झाले.

ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उबुंटू १७.१० मुळे लेनोवो व अन्य काही उत्पादकांच्या लॅपटॉपांत बायोसमधील बदल जतन होईनासे झाले. बायोसची चिप हाताळणारा इंटेलचा एक ड्रायव्हर गाभ्यात (कर्नेलमध्ये) चालू ठेवल्याचा हा परिणाम होता. हा ड्रायव्हर बंद करून जानेवारी २०१८ मध्ये सुधारित आवृत्ती देण्यात आली.

सुरक्षा आणि वेग

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन व स्पेक्टर हे प्रोसेसरच्या रचनेतील दोष जाहीर झाले. पुढची आज्ञा कोणती असेल याचा अंदाज बांधून ती आधीच पार पाडण्याच्या प्रोसेसरच्या सवयीचा फायदा घेऊन स्मृतीतील गुप्त माहिती मिळवणे त्यांमुळे शक्य होते. मेल्टडाउनपासून बचावासाठी लिनक्सने गाभा आणि वापरकर्त्याच्या आज्ञावल्या यांच्या स्मृतीचे नकाशे वेगळे केले. गाभ्याला वारंवार हाक मारणारी कामे त्यामुळे मंदावली. २०१९ मधील ५.२ या आवृत्तीपासून हे सारे बचाव एकाच पर्यायाने बंद करण्याची सोय आहे; मात्र ती वापरणारा वेगासाठी सुरक्षा सोडून देतो. ओपनबीएसडीने उलट वाट धरली आणि जून २०१८ मध्ये इंटेल प्रोसेसरांवरील हायपरथ्रेडिंग मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय घेतला.

सिक्युअर बूट

विंडोज ८ बरोबर (२०१२) रुळलेल्या सिक्युअर बूट या व्यवस्थेत विश्वासू स्वाक्षरी असलेली आज्ञावलीच संगणक सुरू करू शकते. प्रमुख लिनक्स वितरणे यासाठी मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीचा ‘शिम’ नावाचा छोटा कार्यक्रम वापरतात. स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर अशा संगणकावर चालत नाही. वापरकर्त्याला स्वतःची कळ नोंदवावी लागते किंवा ही व्यवस्थाच बंद करावी लागते. जुलै २०२० मध्ये ग्रब या बूटलोडरमधील ‘बूटहोल’ हा दोष उघड झाला. त्यावरील दुरुस्ती बसवल्यानंतर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स व सेंटओएस वापरणारे काही संगणक सुरूच होईनात. ही दुरुस्तीही पुन्हा सुधारावी लागली.

फर्मवेअरचा प्रश्न

डेबियनच्या अधिकृत स्थापना-प्रतीत दीर्घकाळ बंदिस्त फर्मवेअर नव्हते. त्यामुळे अनेक लॅपटॉपांवर स्थापनेच्या वेळीच वाय-फाय चालत नसे. प्रोसेसरमधील सुरक्षा-दोष झाकणारा इंटेलचा मायक्रोकोडही बंदिस्त विभागातच असल्याने तो आपोआप बसत नसे. म्हणजे तत्त्वनिष्ठेची किंमत येथे सोयीबरोबर सुरक्षेतही मोजावी लागत होती. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदानाने धोरण बदलले आणि जून २०२३ मधील डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत प्रतीत समाविष्ट झाले.

भारतातील संदर्भ

पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) ‘बॉस’, अर्थात भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, ही डेबियनवर आधारित प्रणाली विकसित केली. तिची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली. ती मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. पायाच डेबियनचा असल्याने ड्रायव्हर, फर्मवेअर व जुन्या यंत्रांबाबत डेबियनने घेतलेल्या निर्णयांचा प्रभाव अशा प्रणालींवरही पडतो. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ ने ३२-बिट इंटेल संगणकांसाठी स्थापना-प्रत देणे थांबवले. असे संगणक अजून चालवणाऱ्या शाळा व कार्यालयांपुढे आता तीन मार्ग उरतात: जुनी आवृत्ती तिचा आधार संपेपर्यंत वापरणे, दुसरे वितरण शोधणे किंवा यंत्र बदलणे. आधार संपलेल्या प्रणालीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यामुळे असा संगणक इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे ठरते.