उसना उपग्रह आणि 2400 गावे

भाताचे नवे बियाणे आले, की आपल्या तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर कोणी ते एकदम सगळ्या शेतात लावत नाही. आधी एका खाचरात लावून बघतो. पीक कसे येईल ते ठाऊक नसते, म्हणून जोखीम लहान ठेवतो. आपल्या देशाने उपग्रहाच्या बाबतीत असेच केले होते. आज ती गोष्ट आम्ही सांगणार आहोत.

शेती, आरोग्य आणि शाळेची माहिती उपग्रहावरून थेट खेड्यात पोचावी, असे विक्रम साराभाई यांच्या मनात होते. पण प्रश्न पुष्कळ होते. गावातला टीव्ही टिकेल का? बिघडला तर दुरुस्त कोण करणार? लोक बघून काही शिकतील का? याची उत्तरे कागदावर मिळणार नव्हती, आणि स्वतःचा उपग्रह घ्यायचा तर खर्च मोठा.

म्हणून 1969 साली अमेरिकेच्या नासा या संस्थेशी करार झाला. त्यांचा एटीएस-6 हा उपग्रह आपल्याला एक वर्ष वापरायला मिळणार होता. या प्रयोगाला ‘साइट’ म्हणतात. 1971 मध्ये साराभाई वारले, तरी काम थांबले नाही. कार्यक्रमाची धुरा कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. एकनाथ चिटणीस यांनी सांभाळली.

प्रत्येक ठिकाणी काही मिळवायला काही सोडावे लागले. उपग्रह ताकदवान होता, म्हणून गावातली छत्री साधी चालणार होती. खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे 3 मीटर रुंद छत्री आपल्याच देशात बनवली. उपग्रहावरून चित्र एकच येई, पण आवाज दोन भाषांत पाठवता येई. म्हणून एकाच चित्रावर तेलुगू आणि कन्नड असे दोन्ही आवाज देता आले. रोज चार तासच मिळत. सकाळी दीड तास मुलांना, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांना.

सगळ्यांत अवघड होते गावे निवडणे. सहा राज्यांतले मागासलेले जिल्हे घेतले, पण त्यांत बहुतेक वीज असलेली आणि दुरुस्तीची गाडी पोचेल अशीच गावे आली. दूरचा, अंधारातला पाडा मागेच राहिला. टीव्ही बंद पडून राहिला असता, तर प्रयोगातून काहीच कळले नसते. हिशेब बरोबर होता, पण ज्यांना गरज जास्त त्यांची पाळी उशिरा आली. महाराष्ट्र तर त्या सहा राज्यांत नव्हताच.

1 ऑगस्ट 1975 पासून 31 जुलै 1976 पर्यंत सुमारे 2400 गावांत शाळेत किंवा पंचायतीत लोक जमून टीव्ही बघत. काही गावांत अभ्यासक महिनोन्महिने राहिले. कोण येते, कोण मागे बसते, काय कळते, हे त्यांनी नोंदवले. वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला.

मग देशाने स्वतःचे उपग्रह घेतले. टेलिफोन, टीव्ही आणि हवामान ही तीन कामे एकाच इन्सॅटवर ठेवली, म्हणजे पैसा वाचतो. पण एक बिघडला की तिन्ही कामे अडतात. 1982 साली पहिला इन्सॅट काही महिन्यांतच निकामी झाला. 1983 चा दुसरा मात्र नीट चालला. डहाणूच्या कोळणींच्या घरी वादळाचा इशारा वेळेवर येतो, त्यामागे अशाच हवामान उपग्रहांची नजर असते.

आपल्या गटातही नवा धंदा, नवे कर्ज यांचा विचार करताना सगळे आधी कळत नाही. तेव्हा तीन गोष्टी आधीच ठरवाव्यात: लहान प्रमाणात काय करून बघायचे, त्यातून काय शिकायचे, आणि आज कोण मागे राहते आहे. तिसरी गोष्ट वहीत नावानिशी लिहा, म्हणजे पुढच्या खेपेला ती बाई विसरली जाणार नाही.