सम्राट कांग्शी आणि पितरांपुढील धूप

१६६१ साली चीनचा सम्राट शुन्झी देवीच्या रोगाने निवर्तला आणि त्याचा तिसरा मुलगा सिंहासनावर आला. वय अवघे सहा-सात वर्षांचे. राजपुत्र आणखीही होते. परंतु याला देवी येऊन गेल्या होत्या, त्यामुळे पुन्हा त्या रोगाचे भय नव्हते. आजीच्या देखरेखीखाली वाढलेल्या या मुलाने पुढे एकसष्ट वर्षे राज्य केले. इतिहास त्याला कांग्शी या नावाने ओळखतो.

आरंभी सत्ता चार कारभाऱ्यांच्या हाती होती. त्यांपैकी शिरजोर झालेल्या ओबोईला पंधरा वर्षांच्या सम्राटाने १६६९ साली कैद करवले आणि कारभार स्वतःकडे घेतला. १६७३ मध्ये दक्षिणेतील मांडलिकांनी केलेले बंड मोडायला आठ वर्षे लागली. १६८३ साली तैवान राज्याला जोडले गेले. परंतु कांग्शीची थोरवी केवळ तलवारीची नव्हे. लोकसंख्या वाढली तरी डोईपट्टीचा एकूण बोजा वाढू नये, अशी तजवीज त्याने १७१२ साली केली. त्याच्या आज्ञेने सिद्ध झालेला, सत्तेचाळीस हजारांहून अधिक चिन्हांचा शब्दकोश १७१६ साली पूर्ण झाला.

आपल्याला हा सम्राट जवळचा वाटावा तो त्याच्या दरबारातील येशूसंघीय धर्मगुरूंमुळे. त्याच्या बालपणी, १६६५ साली, पंचांग खात्याचे प्रमुख फादर आदाम शाल यांना मृत्युदंड सुनावण्यात आला होता. त्याच सुमारास भूकंप झाला, तो दैवी कोप मानला गेला आणि फादर वाचले; मात्र त्यांच्या पाच चिनी ख्रिस्ती सहकाऱ्यांचा शिरच्छेद झाला. १६६८ च्या डिसेंबरात फादर फर्डिनांड व्हर्बिस्ट यांची कसोटी लागली. भर दुपारी खांबाची सावली कुठवर पडेल, हे त्यांनी आधीच सांगायचे होते. तीन दिवस मोजणी झाली आणि त्यांचे गणित खरे ठरले. पंचांगाचे काम त्यांच्याकडे आले. सम्राट स्वतः त्यांच्याकडून भूमिती शिकू लागला.

१६८९ साली रशियाशी नेर्चिन्स्क येथे तह झाला, तेव्हा फादर परेरा आणि फादर जर्बियाँ दुभाषे होते. १६९२ साली कांग्शीने ख्रिस्ती उपासनेला मोकळीक देणारे फर्मान काढले. पुढच्याच वर्षी तो हिवतापाने आजारी पडला. फादरांजवळ सिंकोना सालीची पूड होती. ती त्यांच्या बांधवांनी आपल्या देशातील पाँडिचेरीहून धाडली होती. सम्राट बरा झाला आणि कृतज्ञतेने त्याने राजनगरीत त्यांना जागा दिली. तेथे १७०३ साली उत्तर चर्च उभे राहिले.

त्याच १७०३ साली पाँडिचेरीच्याच किनाऱ्यावर पोपचे दूत शार्ल द तूर्नों उतरले. प्रश्न चीनमध्ये अनेक दशके धुमसत होता : चिनी ख्रिस्ती माणसाने पूर्वजांच्या नामफलकापुढे धूप लावावा काय? कन्फ्यूशियसपुढे नमावे काय? येशूसंघीय म्हणत, हा आदर आहे, उपासना नव्हे. डोमिनिकन आणि इतर धर्मगुरूंना त्यात मूर्तिपूजेचा दोष दिसे. १७०० साली कांग्शीने स्वतः निर्वाळा दिला की, हे विधी कृतज्ञतेचे आहेत. रोमची चिंताही उथळ नव्हती. पहिल्या आज्ञेचे रक्षण हे तिचे कर्तव्यच होते. १७०४ साली पोप अकरावे क्लेमेंट यांनी या विधींना मनाई केली.

तूर्नों १७०५ च्या अखेरीस बीजिंगला पोहोचले. सम्राटाने स्वागत केले. पण ज्यांना आपली लिपीही नीट वाचता येत नाही, त्यांनी आपल्या रीतींचा न्याय करावा, हे त्याला रुचले नाही. फादर मातेओ रिची यांची पद्धत पाळणाऱ्यांनीच चीनमध्ये राहावे, असे त्याने ठरवले. १७१५ साली पोपनी मनाई अधिक कडक केली. १७२१ मध्ये तो आदेश वाचून व्यथित झालेल्या कांग्शीने धर्मप्रचार थांबवण्याचा निर्णय दिला. पुढच्या वर्षी तो वारला आणि १७२४ साली त्याच्या मुलाने सबंध ख्रिस्ती धर्मावरच बंदी घातली.

चिनी श्रद्धावंतांनी यापुढे लपूनछपून, कधी प्राण देऊन, श्रद्धा जपली. ८ डिसेंबर १९३९ रोजी, पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीत, रोमने पूर्वजांविषयीच्या आदराचे ते विधी नागरी स्वरूपाचे मानून मोकळीक दिली. कांग्शी १७०० साली जे सांगत होता, ते मान्य व्हायला २३९ वर्षे लागली.

कांग्शीचा नातू च्येनलुंग हाही थोर सम्राट झाला. साठ वर्षे राज्य केल्यावर, १७९६ साली, त्याने आपण होऊन सिंहासन सोडले. आजोबांहून अधिक काळ राज्य केल्याचा मान आपल्याकडे येऊ नये, एवढ्यासाठी. दिवंगत आजोबांना वाहिलेला तो आदर होता. त्याला उपासना म्हणणारा माणूस विरळाच. ज्या धुपावरून एवढा वाद झाला, त्यामागेही बव्हंशी हाच भाव होता. तो ओळखायला आधी त्या माणसांजवळ बसावे लागते. शाल, व्हर्बिस्ट, परेरा तसे बसले होते.