थांबावे किती, विचारावे कधी?

संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वेग येतो. पण संगणकांच्या जाळ्याचा इतिहास पाहिला, तर तिथे वेगाइतकाच विचार थांबण्यावरही झालेला दिसतो. एका संगणकाला दुसऱ्याकडून काही हवे आहे. दुसरा अजून तयार नाही किंवा दुसऱ्याच कामात आहे. अशा वेळी पहिल्याने किती थांबावे? पुन्हा कधी विचारावे? आणि नाद कधी सोडावा? हे तीन प्रश्न दिसायला साधे आहेत, पण त्यांची उत्तरे शोधण्यात अनेक वर्षे गेली. आज ती उत्तरे जिथे दररोज कामी येतात, अशा एका ठिकाणापासून आपण सुरुवात करू.

बांधणी आणि अवलंबन

मोठे सॉफ्टवेअर एकटा माणूस लिहीत नाही. अनेक जण त्याचे वेगवेगळे भाग लिहितात. हे भाग एकत्र करून त्यांतून चालणारी आज्ञावली तयार करणे आणि ती नीट चालते की नाही हे तपासणे, या कामाला ‘बिल्ड’ म्हणजे बांधणी म्हणतात. पूर्वी हे काम हाताने होई. १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी त्यासाठी ‘मेक’ नावाची आज्ञावली लिहिली. चूक दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली आणि त्यापायी एका सहकाऱ्याची सकाळ वाया गेली, हे तिचे निमित्त होते. कोणता भाग कोणावर अवलंबून आहे हे ‘मेक’ला एकदा लिहून दिले, की फाइलींच्या वेळा पाहून ती आपण होऊन ठरवी की काय पुन्हा बांधायचे आणि काय तसेच ठेवायचे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पुढचा आग्रह धरला. कोणी छोटासा बदल केला तरी लगेच सगळी बांधणी करा, सगळ्या चाचण्या चालवा. २००१ मध्ये ‘क्रूझकंट्रोल’ आणि पुढे ‘जेन्किन्स’ यांसारख्या आज्ञावल्या आल्या आणि हे काम यंत्राकडे गेले.

इथेच एक नवी अडचण उभी राहिली. चाचणी घ्यायची तर नुसती फाइल पुरत नाही. माहिती साठवणारा डेटाबेस लागतो, निरोप पोहोचवणारी सेवा लागते. २०१३ मध्ये ‘डॉकर’ आल्यावर अशा सेवा प्रत्येक बांधणीसाठी नव्याने सुरू करणे आणि काम झाल्यावर टाकून देणे सोपे झाले. पण डेटाबेस सुरू करण्याची आज्ञा देणे आणि डेटाबेस तयार होणे यांत काही सेकंदांचे अंतर असते. चाचणी त्याआधी धावली तर ‘जोडणी नाकारली’ एवढेच उत्तर मिळते आणि बांधणी नापास होते. वास्तविक लिहिणाऱ्याची चूक काहीच नसते. फाइलीवर वेळ लिहिलेली असते, ती पाहून ‘मेक’ निर्णय घेऊ शके. जाळ्यावरच्या सेवेवर अशी कोणतीही खूण नसते. ती तयार आहे की नाही हे तिला विचारूनच कळते.

आता विचारायचे कसे? त्यासाठी आपल्याला ‘डॉकर’च्या चार दशके मागे, पॅसिफिक महासागरात जावे लागेल.

हवाई बेटांवरचा धडा

हवाई विद्यापीठाची केंद्रे वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली होती. त्यांना मुख्य संगणकाशी जोडण्यासाठी नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने रेडिओलहरींचा उपयोग केला. ‘अलोहानेट’ हे जाळे जून १९७१ मध्ये सुरू झाले. माहिती पाठवण्यासाठी सर्व केंद्रांना मिळून एकच रेडिओ-वाहिनी होती. दोन केंद्रे एकाच वेळी बोलली तर दोघांचेही संदेश बिघडत. यावर अब्रॅमसन यांनी काढलेला तोडगा विलक्षण सोपा होता. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. पोच आली नाही, तर संदेश बिघडला असे समजावे, काही काळ थांबावे आणि पुन्हा पाठवावा. मात्र हा ‘काही काळ’ प्रत्येकाने यदृच्छेने, म्हणजे जणू चिठ्ठी काढून ठरवावा.

असे का? दोन्ही केंद्रे नेमकी एकेक सेकंद थांबली, तर एका सेकंदाने त्यांची पुन्हा टक्कर होणार, आणि पुढेही होतच राहणार. शिस्तीने सारखे थांबणे इथे घातक ठरते. अर्थात या सोपेपणाची किंमत होती. गणिताने असे दिसते की या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर १८ टक्के वापर यशस्वी होतो.

थांबण्याची दुप्पट

अब्रॅमसन यांच्या कामाचा अभ्यास करून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘इथरनेट’ची कल्पना मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्यासह त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. त्यात सुधारणा अशी, की बोलण्यापूर्वी तार मोकळी आहे का ते ऐकावे. आणि तरीही टक्कर झालीच, तर दर वेळी थांबण्याची मर्यादा दुप्पट करावी. पुढे प्रमाणित झालेल्या, सेकंदाला १ कोटी बिट वाहून नेणाऱ्या इथरनेटमध्ये थांबण्याचे एकक ५१.२ मायक्रोसेकंद होते. पहिल्या टकरीनंतर ० किंवा १ एकक, दुसरीनंतर ० ते ३, तिसरीनंतर ० ते ७, अशी चिठ्ठी काढायची. दहाव्या टकरीनंतर मर्यादा वाढवायची नाही, आणि सोळा प्रयत्न फसले तर थांबून ‘जमले नाही’ असे कळवायचे.

यातली शेवटची अट फार महत्त्वाची आहे. नाद कधी सोडायचा हे आधी ठरलेले नसेल तर ते थांबणे नव्हे, अडकून पडणे होय.

ऑक्टोबर १९८६

हा धडा सर्वांनी लगेच घेतला असे मात्र झाले नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांच्यातील जोडणी एकाएकी मंदावली. अंतर जेमतेम ४०० यार्ड, म्हणजे अर्धा किलोमीटरही नाही. वेग मात्र सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी कारण शोधले. पाठवणारे संगणक पोच येण्याची पुरेशी वाट न पाहता तोच संदेश पुन्हा पाठवत होते. पहिला संदेश वाटेतच रांगेत असे. त्यामागे त्याचीच प्रत येऊन उभी राही. जाळे जितके तुंबे, तितक्या प्रती वाढत. जेकबसन यांनी १९८८ च्या आपल्या निबंधात उपाय मांडले: पोच यायला खरोखर किती वेळ लागतो आणि त्यात किती चढउतार होतो हे मोजत राहा, उत्तर आले नाही तर थांबण्याचा काळ वाढवत न्या, आणि सुरुवात सावकाश करा. आजचे इंटरनेट कोलमडून पडत नाही याचे मोठे श्रेय या उपायांना जाते.

‘उघडे’ आणि ‘तयार’

आता बांधणीकडे परत येऊ. डेटाबेस तयार नसल्याने चाचणी फसते म्हटल्यावर पुष्कळांनी पहिला उपाय केला तो असा: ‘तीस सेकंद झोप, मग चाचणी घे.’ हा उपाय दोन्ही बाजूंनी तोट्याचा आहे. डेटाबेस दहा सेकंदांत तयार झाला तर वीस सेकंद वाया गेले. दिवसाला शंभर बांधण्या होत असतील तर २,००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक. आणि एखाद्या दिवशी यंत्रावर ताण असून पस्तीस सेकंद लागले, तर चाचणी तरीही फसतेच.

दुसरा उपाय विचारण्याचा. दर सेकंदाला डेटाबेसच्या ‘पोर्ट’शी, म्हणजे त्याच्या ठरलेल्या दाराशी, जोडणी करून पाहायची, जोडणी झाली की चाचणी सुरू. हे बरे, पण पुरेसे नाही. जाळ्यावरची जोडणी तीन संदेशांच्या देवघेवीने पक्की होते, आणि ही देवघेव संगणकाची कार्यप्रणाली परस्पर करते. डेटाबेस त्या वेळी आपल्या फाइली तपासत बसलेला असू शकतो. म्हणजे दुकानाचा दरवाजा उघडा दिसला, पण दुकानदार अजून आत माल लावतो आहे, अशातली गत.

म्हणून योग्य प्रश्न विचारणे गरजेचे ठरते. ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसच्या २०१३ च्या आवृत्तीत, तो जोडण्या स्वीकारतो आहे का एवढेच विचारणारी एक छोटी आज्ञा आली. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे त्याला एखादा साधा सवाल टाकून उत्तर येते का ते पाहणे. अनेक संगणकांवरील सेवांचा सांभाळ करणाऱ्या ‘कुबरनेटिस’ या प्रणालीत ‘जिवंत आहे का?’ आणि ‘काम घ्यायला तयार आहे का?’ हे दोन प्रश्न स्वतंत्र ठेवलेले आहेत. ‘डॉकर’मध्येही २०१६ पासून सेवेची प्रकृती विचारण्याची सोय आहे, किती अंतराने विचारायचे आणि किती वेळा नकार आल्यावर नाद सोडायचा, हे तिथे लिहून द्यावे लागते किंवा मूळचे आकडे लागू होतात.

काही सेकंदांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मते याचे उत्तर वेळेत नाही, विश्वासात आहे. विनाकारण नापास होणारी बांधणी चारदा दिसली की माणसे कारण पाहणे सोडतात आणि ‘पुन्हा चालवा’ म्हणतात. पाचव्या वेळी चूक खरी असते, आणि तीही त्याच सवयीने दुर्लक्षिली जाते. खोटा नकार देणारी चाचणी खऱ्या नकाराचेही मोल घालवते.

वर्गात करून पाहा

दोन विद्यार्थ्यांना एकाच वेळी बोलायला सांगा. ही पहिली टक्कर. मग प्रत्येकाने ० आणि १ या चिठ्ठ्यांतून एक उचलावी आणि तितक्या टाळ्या थांबून बोलावे. दोघांचा आकडा सारखा येण्याची शक्यता १/२. पुन्हा टक्कर झाली तर ० ते ३ अशा चार चिठ्ठ्या घ्या, शक्यता १/४. तिसऱ्यांदा आठ चिठ्ठ्या, शक्यता १/८. लागोपाठ तिन्ही वेळा टक्कर होण्याची शक्यता या तिन्हींचा गुणाकार, म्हणजे १/६४. मग चिठ्ठ्या बाजूला ठेवून दोघांनाही दर वेळी दोनच टाळ्या थांबायला सांगा. टक्कर काही केल्या सुटत नाही, हे मुलांना लगेच दिसेल. त्यानंतर चिठ्ठ्या का हव्यात, हे त्यांनाच सांगू द्यावे.