वृद्धनिवासातील ज्यू सण

ज्यू धर्मातील बहुतेक मोठे सण सिनेगॉगइतकेच घरातील जेवणाच्या मेजाभोवती पाळले जातात. त्यामुळे घर सोडून वृद्धनिवासात राहायला आलेल्या माणसाचा सणही सुटण्याची भीती असते. न्यूयॉर्कमधील रिव्हरडेल येथील, १९१७ साली स्थापन झालेल्या हिब्रू होमसारख्या संस्थांना हा प्रश्न नवा नाही. एखादे व्याख्यान वा गाण्याची बैठक ठेवली म्हणजे सण साजरा झाला, ही समजूत मात्र अपुरी ठरते. तेथे रहिवासी केवळ प्रेक्षक उरतो.

पेसाहचेच उदाहरण घ्या. इजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेचा हा सण. त्यातील सेडर या रात्रीच्या विधिभोजनात घरातील सर्वांत धाकटे मूल, ही रात्र इतर रात्रींहून निराळी का, याविषयी चार प्रश्न विचारते. वृद्धनिवासात मूल कोठून आणायचे? तालमुदने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. मूल नसेल तर पत्नीने विचारावे, एकट्या माणसाने स्वतःलाच विचारावे. विधी जाणणाऱ्या दोन विद्वानांनीही एकमेकांना विचारावे. त्यामुळे मेजावरील सर्वांत तरुण रहिवाशाने, मग त्याचे वय ७८ का असेना, प्रश्न विचारणे ही नुसती गंमत नव्हे. शाळकरी मुले बोलावली तर प्रश्न त्यांनी विचारावेत आणि उत्तरे वृद्धांनी द्यावीत. मुलांचे स्नेहसंमेलन करून आजी-आजोबांना टाळ्या वाजवायला बसवू नये.

विधीत वयाची सोय पूर्वीपासून आहे. कडक मात्झा चावता येत नसेल, तर वृद्धाने वा आजाऱ्याने ती पाण्यात भिजवून खावी, अशी मुभा धर्मशास्त्र देते. द्राक्षारसाच्या चार प्याल्यांत मद्य नसलेला रस चालतो. योम किप्पुरच्या उपवासापेक्षा जिवाचे रक्षण श्रेष्ठ मानलेले असल्याने आजाऱ्याने खाणे हे पापही नव्हे आणि सवलतही नव्हे. तो धर्मच होय. अडचण येते ती हानुक्काच्या दिव्यांची. प्राणवायूची नळकांडी असलेल्या खोलीत ज्योत लावता येत नाही आणि विजेच्या दिव्यावर आशीर्वचन म्हणणे अनेक रब्बींना मान्य नाही. तेव्हा खोल्यांत विजेचे दिवे आणि भोजनगृहात कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली एक खरी दीपमाळ, अशी तडजोड करता येते.

स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी शब्दांपेक्षा सूर आणि वास अधिक उपयोगी पडतात. सुक्कोतच्या सणातील महाळुंग खाटेखाटेशी नेऊन हुंगायला देता येते. पेसाहच्या हारोसेतसाठी सफरचंद किसणे, दालचिनी कुटणे ही कामे हातांना आठवतात. ज्याचे ज्ञान विस्मरणात गेले अशा वृद्धाचा मान राखावा, असे तालमुद सांगते. कराराच्या पेटीत अखंड पाट्यांबरोबर मोशेने फोडलेल्या पाट्यांचे तुकडेही ठेवलेले होते, हे त्याचे कारण.

एका बाबतीत कल्पकतेपेक्षा सावधपणा महत्त्वाचा. पेसाहपूर्वी खमिराचा प्रत्येक कण शोधून बाहेर काढला जातो. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या काही वृद्धांना मात्र खणात वा उशाखाली पाव दडवून ठेवण्याची सवय असते आणि विस्मरणाच्या आजारात ती भूक पुन्हा जागी होते. अशा खोलीत झाडू घेऊन शिरणाऱ्याला त्या पावाचा अर्थ ठाऊक असायला हवा. शोधकार्य त्या माणसाला सोबत घेऊनच करावे, आणि काढलेल्या पावाच्या जागी लगेच मात्झा ठेवावी. रिकामा खण पाहण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.

पुरिमचा सण यादृष्टीने सर्वांत सोपा व समाधानाचा. मित्राला दोन खाद्यपदार्थ पाठवणे आणि दोन गरिबांना दान देणे ही त्या दिवसाची कर्तव्ये. दानावर जगणाराही त्यांतून सुटत नाही. वर्षभर इतरांकडून सेवा घेणारा रहिवासी त्या दिवशी डबा भरून शेजारच्या खोलीत पाठवतो, हे पुष्कळ झाले.

मराठी वाचकाला यातील एक धागा जवळचा आहे. कोकणातील बेने इस्रायली समाजाने सणांना मराठी नावे दिली. रोश हशाना हा ‘नव्याचा सण’, पुरिम ‘होळीचा सण’. तर जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’ झाला. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले आणि दिमोना, रामला, लोद, अश्दोद अशा गावांत वसले. मराठीत लहानाची मोठी झालेली आजी तेथील वृद्धनिवासात असेल, तर तिच्यासाठी पूर्व युरोपीय धाटणीचा कार्यक्रम परकाच ठरेल. तिला मलिदा हवा: प्रेषित एलियाहूच्या नावाने भरलेले ताट, त्यात भिजवलेले गोड पोहे, खोबरे आणि फळे. पोहे धुणे आणि नारळ खवणे ही कामे बसूनही करता येतात.