वाट दाखविणाऱ्यांचे शिक्षण

मुलाने पुढे काय करावे हे सांगण्यासाठी विद्यापीठाची पदवी कशाला हवी, असा प्रश्न श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. आपल्याकडे हा सल्ला मामा देत आले, शेजारचे निवृत्त हेडमास्तर देत आले, आणि निकालाच्या दिवशी तर सारी आळीच देते. अमेरिकेतही पिढ्यान्पिढ्या असेच चालले असेल. तेथे हे काम शिकून करण्याचे काम आहे असे का ठरले, आणि ठरविताना कोणता घोळ झाला, तेवढेच आज आम्ही पाहणार आहोत.

ही हकीकत बॉस्टन शहरात सुरू होते. तेथील नॉर्थ एंड ही परदेशांतून आलेल्या गरिबांची वस्ती. तेथल्या मुलांनी शाळा सोडावी, मिळेल ते काम धरावे आणि चार महिन्यांत तेही सोडावे, असा क्रम होता. १९०८ च्या जानेवारीत फ्रँक पार्सन्स यांनी या वस्तीत व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली. पार्सन्स हे शिक्षणाने इंजिनिअर, पुढे वकील, मग प्राध्यापक, आणि १८९५ साली बॉस्टनच्या महापौरपदाच्या निवडणुकीत पडलेले उमेदवार. स्वतः इतके धंदे पालटलेल्या माणसाने इतरांना धंदा निवडण्यास शिकवावे, यात आम्हांस काही विसंगती दिसत नाही. उलट अधिकारच दिसतो.

त्यांची रीत सोपी होती. मुलाने प्रथम स्वतःस ओळखावे, मग निरनिराळ्या धंद्यांची खरी माहिती मिळवावी, आणि नंतर या दोहोंचा मेळ विचाराने घालावा. मात्र समोरच्याचे गुण ताडण्यासाठी पार्सन्स त्याच्या डोक्याची ठेवणही न्याहाळीत! आपल्याकडील ज्योतिष्यास हसण्यापूर्वी हे ध्यानात ठेवलेले बरे. कचेरी उघडली त्याच वर्षी सप्टेंबरात ते वारले, आणि त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. मार्गदर्शकास स्वतंत्र शिक्षण लागते हा त्यांचा आग्रह होता. त्यांचे काम पुढे चालविणारे मेयर ब्लूमफील्ड यांनी १९११ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात या विषयाचा वर्ग घेतला.

पण शाळाखात्यास इतका धीर कोठला? बॉस्टनच्या शाळांतून ११७ शिक्षकांची मार्गदर्शक म्हणून नेमणूक झाली. नेहमीचे तास तेच, वर हे काम, आणि त्याबद्दल जादा वेतन नाही. या व्यवस्थेची ओळख श्रोत्यांतील शिक्षकबंधूंना करून देण्याची आवश्यकता नाही.

मधली वर्षे आम्ही झरझर ओलांडतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने लक्षावधी रंगरुटांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या, आणि युद्धानंतर त्या चाचण्यांची प्रथा शाळांत शिरली. मार्गदर्शक म्हणजे गुणांचा तक्ता वाचणारा, अशी समजूत रूढ झाली. तिला धक्का दिला तो कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांनी. १९४२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, सल्ला देण्याची घाई करू नये. समोरच्याचे नीट ऐकावे, म्हणजे त्याचा मार्ग त्यालाच सापडू लागतो. मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी देण्याची प्रथा पाडणाऱ्यांतही ते अग्रणी होते. आपण किती बोलतो आणि किती ऐकतो हे स्वतःच्या कानांनी ऐकावे लागणे, यासारखी कठोर परीक्षा दुसरी नसेल.

आणि मग ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुट्निक आकाशात सोडला. अमेरिकेत एकच धांदल उडाली. आपली हुशार मुले हिशेबनीस आणि दुकानदार होऊन वाया जात आहेत, त्यांना हुडकून विज्ञानाकडे वळविले पाहिजे, असा पुकारा झाला. २ सप्टेंबर १९५८ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. नावातला संरक्षण हा शब्द नजरेआड करू नये. या कायद्याच्या पाचव्या प्रकरणाने शाळांतील चाचण्यांना व मार्गदर्शनाला पैसा दिला, आणि मार्गदर्शक तयार करण्यासाठी विद्यापीठांतून खास वर्ग उघडले. वर्गास येणाऱ्या सरकारी शाळांतील शिक्षकास आठवड्याला ७५ डॉलर आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या प्रत्येक माणसामागे १५ डॉलर मिळत. पुढच्या पाचसहा वर्षांत माध्यमिक शाळांतील पूर्णवेळ मार्गदर्शकांची संख्या दुपटीहून अधिक झाली.

येथेच तो घोळ आहे, आणि आमच्या मते या इतिहासातली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्टही हीच. सरकारने पैसा दिला तो इंजिनिअर हुडकण्यासाठी; पण विद्यापीठांत शिकविणाऱ्यांपैकी अनेकांवर छाप होती रॉजर्स यांची. ते शिकवीत होते की, मुलाला आपल्याला हवे तिकडे वळवू नये. आता गणितात पहिला येणारा मुलगा समोर बसला आहे, आणि त्याला सुतारकाम करावयाचे आहे. मार्गदर्शकाने कोणाचे ऐकावे? खर्च करणाऱ्या राष्ट्राचे, की खुर्चीवर बसलेल्या मुलाचे? कायद्यात याचे उत्तर नव्हते.

ते शोधण्याचा प्रयत्न १९६२ मध्ये गिल्बर्ट रेन यांच्या अहवालाने केला. त्यांनी निःसंकोचपणे मुलाची बाजू घेतली, आणि मार्गदर्शकासाठी पदवीनंतर दोन वर्षांचे, मानसशास्त्रावर आधारलेले शिक्षण सुचविले. आपल्याच समाजाच्या चौकटीत कोंडलेला मार्गदर्शक परक्या घरच्या मुलास समजू शकत नाही, हेही त्यांनी त्याच वर्षी दुसऱ्या एका लेखात बजावले. आज तेथे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात १०० तासांचा प्राथमिक सराव आणि त्यावर ६०० तासांची उमेदवारी, दोन्ही अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, पुरी करावी लागते.

आपल्याकडे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने शाळांत मार्गदर्शन असावे अशी शिफारस केली, आणि १९५४ मध्ये दिल्लीत मध्यवर्ती मार्गदर्शन केंद्र निघाले. पण प्रत्यक्ष शाळेत त्या काळी जी योजना पुढे आली ती 'करिअर मास्तर'ची: नेहमीचाच शिक्षक, थोडे प्रशिक्षण, आणि फळ्याशेजारी धंद्यांच्या माहितीचा एक तक्ता.

अमेरिकेतील समुपदेशकांची संघटना अडीचशे विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असे म्हणते. १९५९ मध्ये जेम्स कोनंट यांनीही अडीचशे ते तीनशे हाच आकडा सांगितला होता. देशाची सरासरी अजून त्याहून बरीच वर आहे. सहाशे तास ऐकण्याची कला शिकून आलेल्या तरुणीच्या टेबलावर वेळापत्रकांचा आणि दाखल्यांचा ढीग असतो, आणि मुलगा बाहेर बाकावर बसून असतो.