दौंड, आर्वी, खोडद

पुणे जिल्ह्याचा इतिहास शिवनेरीपासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा पेशवाईत येऊन थांबतो. माझी सगळी नोकरी दूरसंचार खात्याच्या मायक्रोवेव्ह विभागात, डोंगरांवरच्या रिपीटर स्टेशनांत गेली. त्यामुळे मला या जिल्ह्याचा आणखी एक इतिहास दिसतो, रेडिओलहरींच्या शांततेचा. दौंड, आर्वी आणि खोडद या तीन गावांत वेगवेगळ्या काळी लांबून येणारे क्षीण संदेश ऐकायला यंत्रं उभी राहिली. तिन्ही वेळा आधी पाहावं लागलं ते हेच, की इथे आजूबाजूला गोंगाट किती आहे.

बिनतारी यंत्रणेत बोलणारा दांडगा असतो आणि ऐकणारा नाजूक. ट्रान्समीटर किलोवॅटच्या हिशेबात वीज खातो. दुसऱ्या टोकाला रिसीव्हरच्या हाती येतो तो वॅटचा अब्जावा भाग, कित्येकदा त्याहूनही कमी. त्यामुळे या धंद्यात सांभाळावं लागतं ते ऐकणाऱ्याला. नवख्या माणसाला हे चटकन पटत नाही, कारण त्याची नजर उंच मनोऱ्याकडे आणि मोठ्या ट्रान्समीटरकडे जाते.

दौंडची गोष्ट 1927 सालची. मार्कोनी कंपनीने आखूड लहरींचा झोत एका ठरावीक दिशेला सोडण्याची ‘बीम’ पद्धत बसवली होती आणि ब्रिटिश साम्राज्याचे देश तिने जोडले जात होते. हिंदुस्थानातलं काम इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीकडे होतं. तिने ट्रान्समीटर खडकीजवळ दिघीला उभारला आणि रिसीव्हर ठेवला थेट दौंडला. इंग्लंडच्या टोकालाही तसंच: पाठवायचं ग्रिम्सबीहून, ऐकायचं स्केगनेसला. एकाच आवारात दोन्ही ठेवले तर जमीन वाचते, माणसं वाचतात, तारा वाचतात. पण मग आपलाच ट्रान्समीटर आपल्याच रिसीव्हरला बहिरा करतो, आणि हजारो किलोमीटरवरून आलेली कुजबुज त्यात बुडून जाते. इंग्लंडचा संदेश दौंडच्या माळावर उतरायचा आणि तिथून जमिनीवरच्या तारेने मुंबईला जायचा. दौंडला आज सगळे जंक्शन म्हणून ओळखतात. साता समुद्रांपलीकडचं ऐकणारा या देशाचा एक कान कधीकाळी तिथे होता, हे दौंडच्या शाळेत शिकवलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आर्वी नारायणगावाजवळ आहे. देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र 1971 साली तिथे सुरू झालं. विक्रम साराभाईंच्या नावाने ते ‘विक्रम’ म्हणून ओळखलं जातं. सुमारे 30 मीटर व्यासाची तबकडी हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून उभी होती. मुंबईत कार्यालयं, मुंबईत गिऱ्हाईक, आणि केंद्र मात्र जुन्नर तालुक्यातल्या एका खेड्यात. असं का, ते माझ्या विभागातल्या कुणालाही लगेच कळेल. उपग्रहाकडे जाताना 6 गिगाहर्ट्झ आणि उपग्रहाकडून येताना 4 गिगाहर्ट्झ, असे पट्टे या सेवेला मिळाले होते. पण हेच पट्टे जगभर जमिनीवरच्या मायक्रोवेव्ह टेलिफोन लिंकही वापरत होत्या. 1963 साली जिनिव्हाच्या परिषदेत ठरलं, की दोघांनी एकाच पट्ट्यात नांदायचं. उपग्रहाने जमिनीवर टाकायच्या शक्तीला मर्यादा घालायची, लिंकवाल्यांनी आपला झोत उपग्रहांच्या कक्षेवर रोखायचा नाही, आणि भूकेंद्राभोवती कुणी काही उभारण्याआधी एकमेकांना विचारायचं. कुकडीच्या पाटाच्या पाण्याला जशी पाळी असते, तसंच हे. फरक इतकाच, की इथे पाळी वेळेऐवजी दिशा, अंतर आणि शक्ती यांनी ठरते. छत्तीस हजार किलोमीटरवरून आलेला संदेश ऐकणाऱ्या तबकडीला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची भिंत म्हणजे डोंगर, आणि जुन्नरला डोंगरांची कमी नाही.

तिसरं गाव खोडद. इथे ऐकायचं होतं ते माणसाने पाठवलेलंच नव्हतं.

रेडिओ खगोलशास्त्राचा जन्मच व्यत्ययाच्या तपासातून झाला. बेल कंपनीचा कार्ल जान्स्की 1930च्या सुमारास न्यू जर्सीत अटलांटिकपार जाणाऱ्या रेडिओ टेलिफोनमधली खरखर कुठून येते ते शोधत होता. विजांची खरखर त्याला सापडली, पण त्याखेरीज एक मंद सूं असा आवाज उरत होता. तो रोज चार मिनिटं लवकर यायचा. तारे रोज तितकेच लवकर उगवतात. 1933 साली त्याने जाहीर केलं, की हा आवाज आकाशगंगेतून येतो आहे. टेलिफोनवाल्यांना जो त्रास होता, त्यातून एक शास्त्र निघालं. आमच्या खात्यात खरखर म्हणजे तक्रार; जान्स्कीने तक्रारीचं पत्र शेवटपर्यंत वाचलं, म्हणून मला तो फार मोठा वाटतो.

आपल्याकडे हे शास्त्र रुजवलं गोविंद स्वरूप यांनी. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते 1963 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पहिली दुर्बीण कल्याणला झाली, ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या लहान तबकड्यांची, सूर्य पाहणारी. मग 1970 साली उटीला डोंगरउतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण. त्यानंतर मीटरभर लांबीच्या लहरी ऐकणारी, जगात तोडीस तोड नसलेली दुर्बीण बांधायचं ठरलं, आणि जागेचा शोध पुण्याच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटरवर खोडदला संपला. डोंगरांचा आडोसा होता, माणसांचा रेडिओगोंगाट कमी होता, पुणे जवळ होतं, आणि चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला असल्यामुळे वरचं आयनांबरही बऱ्यापैकी शांत होतं. 1990च्या दशकात तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या उभ्या राहिल्या. चौदा मध्यभागी चौरस किलोमीटरभर जागेत, सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, सुमारे 25 किलोमीटर पसरलेल्या. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, आमच्या भागातली जीएमआरटी.

आता गंमत अशी, की ही दुर्बीण कुंपणाच्या आत मावत नाही. तिच्या फाट्यांवरच्या तबकड्या द्राक्षबागा, कांद्याची शेतं, वाड्यावस्त्या यांच्या मधोमध उभ्या आहेत. आकाशातल्या रेडिओस्रोतांचं मोजमाप ‘जान्स्की’ या एककात होतं, आणि एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला वॅटचा इतका भाग की छेदात एकावर सव्वीस शून्यं. चंद्रावर एक मोबाईल चालू करून ठेवला, तर तो आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओस्रोतांत गणला जाईल. मग शेजारच्या वस्तीवरच्या फोनचं काय होत असेल?

फोनच्याही आधी त्रास होता तो विजेच्या तारांचा. सैल झालेला जंपर, तडकलेला इन्सुलेटर, डीपीवरचा सैल नट, अशा कुठेही बारीक ठिणगी पडली की ती सेकंदाला शंभरदा पडते आणि सगळ्या पट्ट्यांवर पसरते. हा त्रास मायक्रोवेव्हपेक्षा मीटरलहरींना कितीतरी अधिक. यातली एक खूण जुने लाइनमन बरोबर सांगायचे: उन्हाळ्यात खरखर वाढली आणि पहिल्या पावसात थांबली, तर फट ठिणगीची; पावसातच वाढली, तर उच्चदाबाच्या तारेचा करोना.

दुसरा त्रास बूस्टरचा. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून येणारं दूरदर्शन आमच्या भागात क्षीण पोचायचं, म्हणून प्रत्येक घरावर उंच काठीला यागी अँटेना आणि तिच्या बुडाला बूस्टर. स्वस्त बूस्टर बिघडला की स्वतःच आंदोलत राहतो आणि छोटा ट्रान्समीटर होऊन बसतो. आमच्या आळीतल्या अशा एका घरी मी हातातली अँटेना फिरवत पोचलो होतो. घरातल्या आजी म्हणाल्या, “बाबा, आम्हाला मुंगळे दिसतात टीव्हीत, आणि तू म्हणतोस आमच्यामुळं दुसऱ्याला दिसत नाही?” नवा बूस्टर बसवला, आजींचं चित्रही सुधारलं. व्यत्यय शोधण्याचं निम्मं काम यंत्राचं असतं, निम्मं ओट्यावर बसून समजावण्याचं.

दुर्बिणीचा आराखडा झाला 1980च्या दशकात. भारतात मोबाईल आला 1995 साली. मग कंपन्यांशी बोलणी, मनोऱ्यांच्या जागा आणि दिशा पाहणं, रिसीव्हरमध्ये गाळण्या बसवणं हे सगळं ओघाने आलं. दुर्बिणीचं नूतनीकरण झाल्यावर ती 50 ते 1500 मेगाहर्ट्झच्या दरम्यानचा बहुतेक पट्टा ऐकते. तिचा एक पट्टा 850ला संपतो आणि पुढचा 1050ला सुरू होतो. मोबाईलची 900 मेगाहर्ट्झची सेवा याच मधल्या जागेत आहे.

या सगळ्या सांभाळण्यातून काय मिळालं? 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं. त्याच्या लहानशा ट्रान्समीटरचा आवाज सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदला ऐकू आला, आणि उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात तो बंद पडल्याचंही खोडदलाच कळलं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या कामात याच दुर्बिणीने जवळपास 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची खूण पकडली. मधल्या एका दीर्घिकेने भिंगासारखं काम केलं म्हणून ती दिसली, हे खरं. पण खाली गोंगाट असता तर भिंगाचा उपयोग शून्य होता.

याची किंमत मात्र जुन्नर आणि आंबेगावच्या लोकांनी मोजली आहे, आणि ते पुरेसं बोललं जात नाही. दुर्बिणीच्या परिसरात मोठ्या उद्योगांवर बंधनं आहेत. नारायणगावावरून जाणारी पुणे-नाशिक जलद रेल्वे आखली होती. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या ठिणग्या आणि दुर्बीण यांचं जमत नाही म्हणून तो मार्ग बाजूला ठेवून अहिल्यानगर, शिर्डीकडून नेण्याचं ठरलं. लोक नाराज झाले, जुना मार्ग परत मागू लागले. मला दुर्बीण वाचली याचा आनंद आहे, आणि तरी त्या लोकांचं म्हणणं मला पूर्ण न्याय्य वाटतं. शांतता ही इथे निसर्गाने दिलेली आहे तितकीच गावांनी सोडून दिलेल्या गोष्टींनी राखलेली आहे. वर आकाशातून उपग्रहांचे नवे ताफे बोलू लागले आहेत, त्यांना डोंगर अडवत नाही. म्हणून जमिनीवरची शांतता तर आणखीच जपायला हवी.

माझी सरकारकडे मागणी साधी आहे. जिथे मनोरे नकोत तिथे घराघरात फायबर द्या, वीजवाहिन्या जमिनीखालून न्या, आणि या दोन तालुक्यांतल्या मुलांसाठी रेडिओ तंत्रज्ञानाची एक चांगली संस्था नारायणगावला काढा. आणि वाचकांना सांगणं एवढंच, की फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञानदिनाला जीएमआरटी सर्वांसाठी खुली असते. मुलांना घेऊन जा, आणि फोन घरूनच बंद करून निघा.