रोझ कोण होणार?

गाजलेले नाटक पुन्हा रंगभूमीवर येणार अशी जाहिरात झाली की जाणता प्रेक्षक पहिला प्रश्न तिकिटाचा विचारीत नाही. तो विचारतो, "भूमिका कोण करणार?" आणि नाव कळले की पडदा वर जाण्याच्या कितीतरी आधीच निकाल देऊन मोकळा होतो. "छे! तिला नाही जमायचं ते." 'मूळ संचात' या दोन शब्दांना जाहिरातीत काय वजन असते, हे मराठी श्रोत्यांना सांगायला नको. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरही तीच तऱ्हा आहे. तेथील एक संगीत नाटक १९७४ ते २०२४ या पन्नास वर्षांत पाच वेळा नव्याने उभे राहिले, आणि दर वेळी एकच वाद रंगला. नाटकाचे नाव 'जिप्सी', आणि वाद एवढाच की, यंदा रोझ कोण होणार?

'जिप्सी'चा पहिला प्रयोग २१ मे १९५९ रोजी झाला. जिप्सी रोझ ली या नामांकित नर्तकीने १९५७ मध्ये लिहिलेल्या आठवणींवरून आर्थर लॉरेंट्स यांनी संहिता तयार केली. संगीत ज्यूल स्टाइन यांचे, गीते त्या वेळी तिशीही न गाठलेल्या स्टीफन सॉन्डहाइम यांची आणि दिग्दर्शन जेरोम रॉबिन्स यांचे. नाव मुलीचे असले तरी नाटक आहे आईचे. रोझ ही बाई आपल्या दोन मुलींना घेऊन अमेरिकेत गावोगाव हिंडते. गाणी, नाच, नकला, कसरती अशी भेळ असलेल्या 'वॉडव्हिल' नावाच्या खेळांचा तो काळ. धाकटी जून चुणचुणीत; तिला तारका करायचे हा आईचा ध्यास. पण जून एक दिवस लग्न करून पळून जाते. मग बुजऱ्या थोरलीला, लुईझला, पुढे ढकलले जाते. तोवर वॉडव्हिलचा धंदा बसत चाललेला असतो. शेवटी लुईझ 'बर्लेस्क'च्या रंगमंचावर, अंगावरचे एकेक वस्त्र उतरवणाऱ्या नर्तकींच्या व्यवसायात, जाऊन पोचते आणि तिथे नाव काढते. आता तिला आईची गरज उरत नाही. रिकाम्या रंगमंचावर एकटी रोझ, हे सारे आपण नक्की कुणासाठी केले, याचा हिशेब मांडते. हे शेवटचे गाणे म्हणजे त्या भूमिकेची सत्त्वपरीक्षा.

ही भूमिका बेतली होती एथेल मर्मन हिच्या मापाने. १९३० पासून ब्रॉडवेवर गाजणारी ही नटी. आवाज असा की ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू जावा. तिचा दबदबाही तसाच. सॉन्डहाइम यांची इच्छा गीतांबरोबर संगीतही आपणच द्यावे अशी होती. पण नवख्या संगीतकारावर भरवसा ठेवायला बाई तयार नव्हत्या, म्हणून स्टाइन आले. नाटकाचे ७०२ प्रयोग झाले. टोनी पारितोषिक मात्र त्या वर्षी 'द साउंड ऑफ म्युझिक'मधील मेरी मार्टिनकडे गेले.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग-प्ले तबकडी निघाली, आणि त्यानंतर नव्या संगीत नाटकाची मूळ संचातली ध्वनिमुद्रिका घरोघर जाऊ लागली. त्यापूर्वी प्रयोग संपला की बहुतेक वेळा उरायची ती केवळ आठवण. आणि आठवण म्हटली की ती धूसर व्हायचीच. तबकडी मात्र धूसर होत नाही. मर्मनने श्वास कुठे घेतला, कोणत्या शब्दावर जोर दिला, हे १९५९ नंतर जन्मलेल्या रसिकालाही पाठ झाले. नवी नटी रंगमंचावर येते तेव्हा प्रेक्षकाच्या कानात दुसरी बाई आधीच गात असते. रोझच्या भूमिकेवरून होणाऱ्या वादाचे मूळ पुष्कळसे इथे आहे.

पहिला धक्का चित्रपटाने दिला. १९६२ च्या चित्रपटात मर्मनऐवजी रोझलिंड रसेलला घेतले आणि तिच्या गाण्यांत लिसा कर्कचा आवाज मिसळला. मर्मनच्या चाहत्यांना ते रुचले नाही. मग १९७३ मध्ये लंडनला आणि १९७४ मध्ये ब्रॉडवेवर अँजेला लॅन्सबरी रोझ झाली. ती कसलेली अभिनेत्री होती, संगीत नाटकही तिला नवे नव्हते. पण मर्मनचा पहाडी आवाज ती आणणार कुठून?

तिने तो आणलाच नाही, वेगळेच काही आणले. त्याची कथा मोठी बोधप्रद आहे. १९५९ मध्ये शेवटच्या गाण्याला टाळीचा शेवट असावा की नसावा, यावर खल झाला होता. इतक्या भग्न मनाच्या बाईला टाळी कसली, असे लेखकांना वाटत होते. बुजुर्ग ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी सल्ला दिला की, प्रेक्षकाला टाळी वाजवू दिली नाही तर तो पुढचा प्रवेश नीट ऐकणार नाही. ते मानले गेले. १९७४ मध्ये दिग्दर्शक स्वतः लॉरेंट्सच होते. त्यांनी आणि लॅन्सबरीने काय करावे? गाणे संपले, टाळ्यांचा कडकडाट झाला, लॅन्सबरी वाकून अभिवादन करू लागली. टाळ्या थांबल्या, तरी ती वाकतच राहिली. सभागृह चिडीचूप, आणि ही बाई कुणालाही न दिसणाऱ्या प्रेक्षकांना नमस्कार करते आहे! त्या टाळ्या तिच्या मनातल्या होत्या, हे तेव्हा उमगते. नुसत्या आवाजाच्या जोरावर हा क्षण सापडला नसता. लॅन्सबरीला टोनी पारितोषिक मिळाले.

१९८९ मध्ये टाइन डेली आली. ती लोकांना माहीत होती ती दूरचित्रवाणीवरच्या मालिकेतली पोलीस अधिकारी म्हणून. तिलाही टोनी मिळाले. पण खरी खडाजंगी झाली २००३ मध्ये, बर्नाडेट पीटर्सच्या नावावरून. नाजूक बांध्याची, कुरळ्या केसांची, कोवळ्या स्वराची ही नटी. "रोझ म्हणजे वादळ, ही तर झुळूक," असा एकंदर सूर. गंमत अशी की, लहानपणी हीच पीटर्स 'जिप्सी'च्या फिरत्या संचात होती. रोझसारख्या आया तिने जवळून पाहिल्या असणार. सॅम मेंडेस यांच्या दिग्दर्शनाखाली तिने धाकाने नव्हे, तर लाघवाने माणसे वळवणारी रोझ उभी केली. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या समीक्षकाने ती उचलून धरली. लॉरेंट्स यांना मात्र तो प्रयोग पसंत पडला नाही, आणि पारितोषिकही तिला मिळाले नाही.

पाचच वर्षांनी, २००८ मध्ये, नव्वदीच्या लॉरेंट्सनी नाटक पुन्हा हाती घेतले. त्यांचे जीवनसाथी टॉम हॅचर यांची ती अखेरची इच्छा होती. रोझ झाली पॅटी लुपोन. या नटीशी लॉरेंट्स यांचा कित्येक वर्षे अबोला होता, तो भूमिकेपायी सुटला. लुपोनचा आवाज मर्मनच्या घराण्यातला. त्यामुळे "हीच खरी रोझ" म्हणणारे पुष्कळ निघाले. वाद आता मिटला, असेच वाटले.

तो मिटला नव्हता. १९ डिसेंबर २०२४ रोजी मॅजेस्टिक थिएटरात ऑड्रा मॅक्डॉनल्ड रोझ म्हणून उभी राहिली. सहा टोनी पारितोषिके मिळवलेली ही कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्री. ब्रॉडवेवर रोझ झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आता शंका दुहेरी झाली. एक आवाजाची: ज्युलियार्ड संगीतशाळेत तयार झालेला तिचा उंच, शास्त्रशुद्ध स्वर या रांगड्या गाण्यांना चालेल का? दुसरी इतिहासाची: वर्णभेदाच्या त्या काळात काळ्या आईला आपल्या मुलींसाठी ही दारे उघडून मिळाली असती का? दिग्दर्शक जॉर्ज वूल्फ यांनी ही शंका टाळली नाही. ती नाटकातच घेतली. धंदा वर चढू लागतो तशी ही रोझ आपल्या संचातली काळी मुले काढून गोरी मुले घेते. संहिता तीच, गाणी तीच. पण "मला कधी संधी मिळालीच नाही" या आईच्या जुन्या दुःखाला एक कारण मिळाले, जे १९५९ मध्ये कुणाच्या मनातही आले नव्हते. हा खेळ ऑगस्ट २०२५ मध्ये संपला.

या साऱ्यात एक सूत्र दिसते. लॅन्सबरीजवळ मर्मनचा आवाज नव्हता, पीटर्स नाजूक होती, मॅक्डॉनल्ड काळी होती. पडदा उघडण्यापूर्वी जे उणे म्हणून सांगितले गेले, पडदा उघडल्यावर तेच त्या रोझचे वैशिष्ट्य ठरले. म्हणून रसिकांनी आधी बोलूच नये, असे मी म्हणणार नाही. ज्या नाटकाची भूमिका कोण करणार याची कुणाला फिकीर नसते, ते नाटक ग्रंथालयात जाऊन पडलेले असते. "तिला नाही जमायचं" म्हणणारा माणूस त्या नाटकावर जीव टाकणारा असतो, म्हणूनच तर तो तावातावाने भांडतो.

फक्त एक करावे. वाद घालावा, पैजा लावाव्यात. पण नाट्यगृहात शिरताना ती जुनी तबकडी घरी ठेवून जावे. परत आल्यावर ती हवी तितक्या वेळा लावता येते. रंगमंचावरची बाई मात्र त्या एका रात्रीपुरतीच आपल्यासमोर उभी असते.